किनाऱ्यावरच्या लोकांना 'जागरूक' करायचं म्हणजे नक्की काय करायचं?

खारवट, रात्री १०:१२

बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. आधी कुणी काढला असेल तर सांगा, तिकडे हलवू.

मागच्या महिन्यात एका जनजागृती कार्यक्रमाची पत्रकं माझ्याकडे तपासायला आली होती. फक्त भाषा बघून द्यायची एवढंच काम. विषय समुद्राची वाढती पातळी आणि किनाऱ्यावरच्या वस्त्यांनी घ्यायची काळजी. चार पत्रकं होती आणि चारहींचा सूर एकच, की तुम्हाला माहीत नाहीये, आम्ही सांगतो, मग तुम्ही शहाण्यासारखे वागाल. धोका ओळखा, घराचं जोतं उंच करा, विमा काढा, इशारा मिळताच घर सोडा.

आता एकेक सूचना घ्या आणि विचारा की हे कुणाला जमणार आहे. जोतं उंच करायचं तर घर स्वतःचं हवं, भाडेकरूने काय मालकाचं घर उचलायचं? विम्याला कागदपत्रं लागतात. आणि घर सोडायचं म्हणजे कुठेतरी जायला हवं, जायला गाडी किंवा पैसे हवेत, परत येईपर्यंत मागचं कुणी नेणार नाही असा भरवसा हवा. २००५ मध्ये अमेरिकेत कॅट्रिना चक्रीवादळ आलं तेव्हा न्यू ऑर्लिन्समध्ये लाखभर लोकांकडे गाडीच नव्हती. सक्तीने शहर सोडायचा आदेश निघाला आदल्या दिवशी, त्यात महिनाअखेर, हातात पैसा नाही. आणि नंतर टीव्हीवर बसून लोक विचारत होते की हे निघाले का नाहीत, यांना कळत नव्हतं का.

कळत होतं हो. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याच्या उंबऱ्याला पाणी लागतं त्याला पत्रकाची गरज सगळ्यात कमी असते, आणि तरी सगळी पत्रकं त्याच्याच हातात का कोंबली जातात? तुम्हाला काय वाटतं?

नुसतावाचक, रात्री १०:३१

वाचतोय. विषय चांगला काढलात.

आकडेबाज, रात्री ११:०४

खारवट, भावना पोचल्या पण मुद्दा अर्धाच आहे. जागरूकतेने फरक पडत नाही असं म्हणणार असाल तर बांगलादेशचे आकडे बघा. १९७० च्या नोव्हेंबरातल्या चक्रीवादळात किमान तीन लाख माणसं गेली. १९९१ ला जवळपास १ लाख ४० हजार. २००७ च्या सिद्रमध्ये साडेतीन हजारांच्या आत. लोकसंख्या वाढत असताना हे झालंय. ओडिशात १९९९ च्या वादळात दहा हजारांच्या आसपास मृत्यू, २०१३ च्या फायलीनला जवळजवळ दहा लाख लोक हलवले आणि मृत्यू पन्नासच्या आत. हे इशारे आणि जनजागृती नाही तर काय आहे? प्रत्येक गोष्टीत गरीब-श्रीमंत आणलं की जे काम होतंय त्याचीच किंमत कमी होते.

बांधावरची, रात्री ११:५०

आकडेबाज, तुमचे आकडे बरोबर आहेत पण ते खारवटच्याच बाजूने बोलतायत, जरा उलगडून बघा ना.

१९९१ ला इशारा पोचलाच नव्हता असं नाही. बऱ्याच जणांनी ऐकला होता तरी घर सोडलं नाही, कारण गुरं होती, घरात जे काही थोडंफार होतं ते चोरीला जाईल ही भीती होती, आणि निवारे मोजके, ते पण लांब. आणि बायकांचं बघा. त्या वादळानंतर जो अभ्यास झाला त्यात वीस ते चव्वेचाळीस वयाच्या बायकांचा मृत्युदर हजारी ७१ आणि त्याच वयाच्या पुरुषांचा १५ निघाला. बायका काय जास्त अडाणी होत्या? नाही. मुलं कडेवर, अंगावर साडी जी पाण्यात पायात गुंतते, नवरा बाहेर असेल तर त्याच्याशिवाय निघायचं की नाही हा प्रश्न, आणि निवाऱ्यात शंभर परक्या पुरुषांबरोबर एका खोलीत रात्र काढायची, संडास नाही.

मग नंतर बदललं काय? निवारे वाढले, बायकांसाठी वेगळ्या खोल्या झाल्या. गुरांसाठी मातीचे उंच चौथरे होते, त्यांना तिकडे किल्ला म्हणतात, तेही वाढले, म्हणजे गाय सोडून जायचं की गाईबरोबर मरायचं हा पेच सुटला. १९७०च्या दशकात सुरू झालेल्या त्यांच्या स्वयंसेवक दलात आज सत्तर हजारांहून जास्त लोक आहेत आणि त्यात निम्म्या बायका, त्यामुळे दारात येऊन 'चला' म्हणणारी ओळखीची असते. याला तुम्ही जागरूकता म्हणत असाल तर माझी काही हरकत नाही, पण मग त्या पत्रकात 'गुरांची सोय कुठे केली आहे' ही ओळ हवी. ती कधीच नसते.

तिरपागडा, रात्री ११:५६

+१ गाईसाठी

शब्दवेल्हाळ, सकाळी ७:२०

माझा प्रांत भाषेचा त्यामुळे तेवढंच बोलते. पत्रकात नेमका कोणता शब्द वापरला होता? कारण शब्दामुळे माणसं मेलेली आहेत.

नोव्हेंबर २०१३, फिलिपाइन्स, टॅक्लोबान शहर, हैयान चक्रीवादळ. हवामान खात्याने आधी सांगितलं होतं की 'स्टॉर्म सर्ज' येणार. इंग्रजीतच सांगितलं. तिथे लोक वाराय बोलतात आणि त्या शब्दाने कुणाच्या डोळ्यासमोर काहीच येईना. वाऱ्याची सवय होती, वर्षाला कितीतरी वादळं बघणारी माणसं, दारं-खिडक्या ठोकून बसली. आलं काय तर पाच मीटरच्या वर समुद्राचं पाणी. सहा हजारांवर माणसं गेली. नंतर कितीतरी जण, अगदी अधिकारी सुद्धा, म्हणाले की नुसतं 'त्सुनामीसारखं पाणी येणार' असं म्हटलं असतं तर पळालो असतो.

आता मराठीत आपण काय म्हणतो? 'वादळी लाटा'. चूक आहे ते. लाट येते आणि जाते. इथे वारा समुद्राचं पाणीच ढकलत आणतो, हवेचा दाब कमी म्हणून ते अजून फुगतं, आणि चढून तासन्‌तास राहतं. आपल्याकडे उधाण हा इतका नेमका शब्द असताना (भांगाच्या भरतीचा उलटा, भूगोलात शिकलोय सगळे) 'वादळी उधाण' का नाही म्हणायचं? आणि 'अनुकूलन', 'समुत्थानशीलता', 'व्यवस्थापित माघार' हे शब्द कुणासाठी आहेत देव जाणे. ज्याचं घर हलवायचंय त्याला 'व्यवस्थापित माघार' म्हणायचं! सरळ 'गाव उठणार' म्हणा की.

खारवट, सकाळी ८:०५

वेल्हाळताई, पत्रकात 'वादळी लाटा'च होतं आणि मी पण तसंच ठेवलं. दुरुस्ती पाठवतो. 'समुत्थानशीलता' मात्र मी काढला होता, तेवढं पुण्य माझ्या खात्यात.

निळाईत, सकाळी ९:१५

माफ करा पण हे सगळं थोतांड वाटतं मला. समुद्र होता तिथेच आहे. लहानपणापासून बघतोय, एक इंच सरकला नाही. वाढतोय वाढतोय म्हणून नुसते निधी गोळा करायचे.

आकडेबाज, सकाळी ९:४०

निळाईत, इथे मी खारवटच्या विरोधात असलो तरी हे सोडून देता येत नाही. १९०१ ते २०१८ मध्ये जगाची सरासरी पातळी साधारण २० सेंटिमीटर वाढली आणि २००६ नंतरचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर धरला जातो, आयपीसीसीच्या (हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची शास्त्रज्ञ समिती) सहाव्या अहवालात आहे. डोळ्याला दिसत नाही कारण भरती-ओहोटी रोज त्याच्या कितीतरी पट खालीवर करते. पण पाया २० सेंटिमीटर वर गेला की जे उधाण आधी बांधाच्या खाली राहायचं ते आता वरून येतं. ठिकाणानुसार फरक पडतो हे खरं. जकार्ताच्या उत्तर भागात तर समुद्र राहू द्या, जमीनच काही जागी वर्षाला २० सेंटिमीटरपर्यंत खचलीय कारण खालचं पाणी उपसून काढलंय.

तिरपागडा, सकाळी ९:४८

समुद्र मिलिमीटरने चढतोय, जमीन सेंटिमीटरने उतरतेय, दोघं कुठेतरी भेटणारच

काँक्रीटवाला, दुपारी १:३०

मी बांधकामातला माणूस, समुद्रभिंतींच्या दोन कामांवर होतो म्हणून थोडं लिहितो, लांबेल.

लोकांना भिंत हवी असते कारण भिंत दिसते. उद्घाटन करता येतं. पण भिंतीवर आपटलेली लाट परत फिरताना पायथ्याची वाळू ओढून नेते, काही वर्षांत समोरचा किनारा संपतो आणि भिंतीच्या बुडाला खड्डा पडतो. मच्छीमाराला होडी ओढायला, जाळं वाळवायला तोच किनारा लागतो, म्हणजे भिंतीने त्याचं घर राखलं आणि धंदा घेतला. शिवाय वाळू किनाऱ्याकिनाऱ्याने वाहत असते, तुम्ही इथे अडवली की शेजारच्या गावाची धूप वाढते. नायजेरियात लागोसला समुद्रात भर टाकून 'एको अटलांटिक' नावाचं अख्खं नवं शहर उभं करतायत, बाहेरून प्रचंड भिंत, आणि पूर्वेकडच्या वस्त्यांची कितीतरी वर्षं तक्रार आहे की तेव्हापासून समुद्र आमच्या घरात आला. पाणी नाहीसं होत नाही ना, ते शेजाऱ्याकडे जातं. शेजारी कोण ते ठरवूनच भिंत बांधली जाते असं मी म्हणत नाही, पण भिंतीच्या बाहेर श्रीमंत वस्ती राहिलेली मी अजून पाहिली नाही.

आणि 'लोकांना माहीत नसतं' यावर एक किस्सा नाही, इतिहासच सांगतो. बांगलादेशच्या नैर्ऋत्येला १९६०च्या दशकात परदेशी सल्ल्याने मोठे बांध घातले, खारं पाणी बाहेर, शेती आत. सुरुवातीला पिकं छान आली. पण भरतीबरोबर येणारा गाळ आधी शेतात पसरायचा तो आता नदीच्या पात्रातच बसायला लागला. पात्र वर, आतली जमीन खाली, पावसाचं पाणी निघेना, वर्षानुवर्षं शेतं पाण्याखाली. शेवटी १९९० मध्ये बिल डाकातिया इथे (बिल म्हणजे तिकडची सखल पाणथळ जमीन) लोकांनीच बांध कापला, भरतीचं पाणी आत घेतलं, गाळ बसवला. १९९७ ला बिल भायनाला परत तेच. मग कुठे इंजिनियर लोकांनी त्याला 'टायडल रिव्हर मॅनेजमेंट' असं नाव देऊन सरकारी योजनेत घेतलं. आमच्या लोकांची ही जुनी खोड, नाव दिल्याशिवाय ज्ञान होत नाही.

अर्थात त्यातही गोम आहे. गाळ बसेपर्यंत काही वर्षं त्या जमिनीत पीक नाही, भरपाई मिळालीच तर जमिनीच्या मालकाला, वाट्याने कसणाऱ्याच्या हातात काही नाही. म्हणजे उपाय शहाणा, तरी खाली कुणीतरी दबलेलाच.

आकडेबाज, दुपारी २:१०

काँक्रीटवाला, उत्तम प्रतिसाद. पण मग मला सांगा, पैसा मर्यादित असताना भिंत कुठे बांधायची हे ठरवायचं कसं? दर रुपयामागे जास्तीत जास्त नुकसान जिथे टळेल तिथेच ना? हे क्रूर वाटेल पण दुसरी कुठली पद्धत असली तर सांगा. हॉलंडवाल्यांनी १९५३ च्या पुरानंतर हेच केलं, १,८३६ माणसं गेली होती त्यांची, व्हॅन डांट्झिग नावाच्या गणितज्ञाने बांधाची उंची किती याचं गणितच मांडलं, बांधाचा खर्च एकीकडे, बुडणाऱ्याची किंमत दुसरीकडे.

तिरपागडा, दुपारी २:१४

म्हणजे गरिबाचं घर बुडालं तर स्वस्तात बुडालं

बांधावरची, दुपारी ३:३५

तिरपागड्याने एका ओळीत सांगितलं तरी मी लांबण लावतेच.

आकडेबाज, 'टळलेलं नुकसान' कशात मोजता? घराच्या किमतीत. मग ज्या वस्तीला आधीच दाबून ठेवलंय तिची किंमत कमी, म्हणून तिचं संरक्षण कमी, म्हणून किंमत अजून कमी. कॅट्रिनानंतर लुइझियानात, म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्या राज्यात, घरं परत बांधायला 'रोड होम' नावाची योजना आली, मदत किती द्यायची तर वादळाआधीची घराची किंमत किंवा बांधायचा खर्च, यातलं जे कमी असेल ते. विटा-सिमेंटचा खर्च सगळीकडे तोच पण काळ्या लोकांच्या वस्तीत त्याच घराची बाजारात किंमत कमी, त्यामुळे तसंच पडलेलं तसंच घर बांधायला त्यांना कमी पैसे. कोर्टात गेले लोक, २०११ मध्ये तडजोड झाली. कुणी मुद्दाम भेदभाव लिहिला नव्हता नियमात. नियम अगदी स्वच्छ होता.

त्याच राज्यात आयल द जाँ शार्ल नावाचं बेट आहे, मूळनिवासी लोकांचं, १९५५ पासून ९८ टक्के जमीन गेली. मोठा बांध आखला तेव्हा हे बेट बाहेर ठेवलं कारण खर्च परवडत नव्हता. नंतर २०१६ मध्ये त्यांना हलवायला ४ कोटी ८० लाख डॉलर मंजूर झाले, जगभर बातम्या, 'हवामानामुळे हलणारं पहिलं गाव' वगैरे. आणि जागा, घरं, नियम ठरवताना आमचं ऐकलंच नाही असं तिथल्या टोळीचं म्हणणं.

काँक्रीटवाला, दुपारी ४:०२

हॉलंडचा विषय निघाला म्हणून पुढचा अर्धा भाग. ते गणित होतंच, मध्य हॉलंडला दहा हजार वर्षांत एकदा येईल अशा पाण्याचा निकष, बाकी किनाऱ्याला त्यापेक्षा कमी, नद्यांकाठी अजून कमी. पण २०१७ पासून त्यांनी निकष बदलले. आता बांधामागे राहणाऱ्या प्रत्येकासाठी पुरात मरण्याची शक्यता वर्षाला एक लाखात एकापेक्षा जास्त नको, हा तळ. तो आधी भरायचा, मग वर तुमचं खर्च-फायद्याचं गणित करा आणि जिथे कारखाने-शहरं आहेत तिथे जास्त द्या. म्हणजे आकडेबाज, दुसरी पद्धत आहे, आणि तुमच्याच आवडत्या देशाने काढलीय.

आकडेबाज, दुपारी ४:२०

हे मला माहीत नव्हतं, मान्य. पण तो देश श्रीमंत आहे, सगळ्यांना तळ देऊ शकतो. ज्यांच्याकडे तेवढं नाही त्यांचं काय हा प्रश्न उरतोच.

मृगजळ, संध्याकाळी ६:५०

उशीरा येतेय, सगळं वाचलं. बचावाबद्दल बरंच झालं, हलवण्याबद्दल लिहिते कारण खरी मेख तिथे आहे.

२००४ च्या त्सुनामीनंतर (हवामानाचा संबंध नाही पण नियम तेच असतात) श्रीलंकेत किनाऱ्यापासून पश्चिम-दक्षिणेला १०० मीटर आणि उत्तर-पूर्वेला २०० मीटर घर बांधायचं नाही असं ठरलं. सुरक्षेसाठी. मच्छीमार आत गेले, हॉटेलांना मात्र सूट होती. म्हणजे लाट फक्त मच्छीमारांनाच ओळखते. टॅक्लोबानलाही वादळानंतर ४० मीटरची रेषा आखली. जकार्तात २०१६ ला पासार इकान आणि कांपुंग अक्वारियम या जुन्या कोळीवस्त्या पूररक्षणाच्या नावाने पाडल्या, लोकांना लांबच्या भाड्याच्या इमारतीत पाठवलं, मासे मारणारा माणूस समुद्रापासून तासभर लांब राहून काय करणार? काही जण ढिगाऱ्यावरच झोपड्या बांधून राहिले, राजकारण बदललं आणि २०२१ मध्ये अक्वारियमला तिथेच इमारती उभ्या राहिल्या. मग आधी पाडलं तेव्हा जो धोका होता तो कुठे गेला?

आणि हे फक्त गरीब देशात होतं असं नाही. वेल्समध्ये फेअरबोर्न गाव आहे, तिथल्या कौन्सिलने सांगितलं की २०५४ नंतर आम्ही या गावाचं समुद्रापासून रक्षण करणार नाही. किती प्रामाणिक ना? जागरूकतेचा कळस. झालं काय, की जाहीर होताच घरांना गिऱ्हाईक मिळेना, कर्ज देणारे मागे सरले, आणि लोकांना निघायचं असेल तर निघायला जो पैसा लागतो तो ज्या घरात अडकलाय तेच विकेना. भरपाईची सोय नाही. समुद्र यायच्या तीस-चाळीस वर्षं आधीच बातमीने गाव बुडवलं.

तिथले घरमालक तरी आहेत. भाडेकरू बहुतेक याद्यांत नसतो. सरकार धोक्यातली घरं विकत घेतं तेव्हा चेक मालकाच्या नावाने निघतो, भाडेकरूला बऱ्याचदा मिळते ती नोटीस.

नुसतावाचक, रात्री ९:२५

आज पहिल्यांदा लिहितोय, चूकभूल द्या घ्या.

खारवटने विचारलंय की पत्रकं चुकीच्या हातात का जातात. मला वाटतं कारण दुसऱ्या हातांना ती नकोच असतात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात २०१० ला शास्त्रज्ञांच्या समितीने सांगितलं की २१०० पर्यंत समुद्र एक मीटरच्या आसपास वाढेल असं धरून नियोजन करा. किनाऱ्यावर जमिनी आणि बांधकामात पैसा असलेल्यांनी विरोध केला, कारण नकाशावर ती रेषा आली की प्लॉटचे भाव पडणार. २०१२ मध्ये राज्याने कायदाच केला की वाढता वेग गृहीत धरणारे अंदाज नियमांसाठी तूर्त वापरायचे नाहीत. म्हणजे तिथे अज्ञान कायद्याने विकत घेता आलं. झोपडीत राहणाऱ्याने 'मला धोका माहीत नाही असं समजा' म्हणून कायदा करून घेतलाय असं कुठे ऐकलंय का?

उलटं पण आहे. मायामीत किनारा श्रीमंतांचा आणि आतली, रेल्वेलाइनजवळची उंचावरची जागा हैतीहून आलेल्या नि काळ्या लोकांची, कारण त्यांना समुद्राजवळ येऊच दिलं नव्हतं. आता उंचीला भाव आलाय म्हणून लिटल हैतीतली भाडी चढली आणि त्यांनाच तिथून निघावं लागतंय. त्या श्रीमंतांना कुणी पत्रक दिलं नव्हतं, बरोबर कळलं.

बांधावरची, रात्री ९:३३

पहिलाच प्रतिसाद असा? लिहीत जा हो.

आकडेबाज, रात्री १०:०१

फेअरबोर्नच्या उदाहरणाने मला विचारात पाडलंय. मृगजळ, सांगायचं नाही असं तर तुम्हाला म्हणायचं नाहीये ना? लपवलं तर अजून वाईट, नवीन माणूस घर घेऊन फसेल.

मृगजळ, रात्री १०:१५

नाही नाही, सांगायलाच हवं. पण धोका आणि 'मग आम्ही तुमच्यासाठी काय करणार' या दोन गोष्टी एकाच दिवशी, एकाच कागदावर सांगा. दुसरी तयार नसेल तर ती तयार होईपर्यंत कार्यालयात बसून काम करा, पहिली घेऊन मोकळं होऊ नका.

निळाईत, रात्री १०:४०

मी सकाळी जरा घाईत लिहिलं. वाचतोय.

खारवट, चार दिवसांनी

उशीर झाला, मध्ये त्या लोकांशी फोनाफोनी चालली होती. इथलं वाचून मी तीन गोष्टी सुचवल्या. एक म्हणजे 'इशारा मिळताच घर सोडा' च्या खाली निवारा कुठे, गुरं कुठे न्यायची, बायकांची वेगळी सोय आहे का आणि मागे वस्तीवर पहारा कोण देणार हे छापा. दुसरं, भाड्याने राहणाऱ्यांसाठी निदान दोन ओळी. तिसरं, हीच पत्रकं बांधकामाला परवानगी देणाऱ्या कचेऱ्यांत आणि घरासाठी कर्ज देणाऱ्यांकडे पण वाटा.

उत्तर आलं की पहिल्यातल्या गोष्टी अजून ठरलेल्या नाहीत त्यामुळे छापता येणार नाहीत. दुसऱ्याला जागा नाही, चौथ्या पानावर लोगो आहेत. तिसऱ्यावर म्हणाले की तो आमचा 'लक्ष्यगट' नाही.

शब्दवेल्हाळ, चार दिवसांनी

आणि शब्द?

खारवट, चार दिवसांनी

'वादळी उधाण' घेतलं. लगेच घेतलं, आवडलं म्हणाले. त्याच्याखाली 'जोतं उंच करा' तसंच आहे.